लांब प्रत

तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात निरोगी कामगारांच्या लाळेची तपासणी झाली. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाला पकडणाऱ्या चौथ्या ग्राहीचे जनुक ज्यांच्यात लांब आढळले, ते सगळेच्या सगळे बाहेर यार्डात, टाक्या आणि पंपांपाशी काम करणारे निघाले. कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर, म्हणजे नियंत्रणाच्या पडद्यांपुढे, बसणाऱ्या अठ्ठावीस जणांत लांब प्रत एकाकडेही नव्हती.

हा अहवाल डॉ. गीतांजली केळुसकर हिच्या सानपाड्याच्या घरी आला, तो कारखान्याचे एचआर प्रमुख प्रसाद खानविलकर यांच्या पत्रासह. एका महिला कर्मचाऱ्याने हरकत घेतल्याने नियमानुसार बाहेरच्या तज्ज्ञाचे मत घेणे भाग पडले आहे, तरी अहवाल शास्त्रीयदृष्ट्या योग्य असल्याचे आपण कळवावे, असे त्यात म्हटले होते. मत मागणाऱ्याने मतही सोबत पाठवले होते. गीतांजली महाविद्यालयात रेण्वीय जीवशास्त्र शिकवत असे. सहकारी तिला चहाला बोलावण्यापूर्वी दोनदा विचार करत, कारण चहावरच्या गप्पांतही ती पुरावा मागत असे. खानविलकरांना हे कुणी सांगितले नसावे.

तपासणी केली होती महाप्याच्या ‘स्वभावसूत्र’ नावाच्या कंपनीने. तिचा संस्थापक निशांत राजोपाध्ये याने अहवालाच्या पहिल्या पानावर मेंदूचे निळे चित्र टाकले होते आणि दुसऱ्या पानापासून निष्कर्ष सुरू केले होते. या जनुकात अठ्ठेचाळीस अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांत चार वेळा, काहींत सात वेळा. सात वेळा येतो ती लांब प्रत. प्रत्येकाकडे अशा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. गेल्या शतकाच्या अखेरीस काही निबंधांनी सुचवले होते, की लांब प्रतवाली माणसे नावीन्याच्या मागे धावतात, जोखीम पत्करतात, त्यांना एका जागी बसवत नाही. पुढे इतरांनी अधिक माणसे घेऊन पडताळा पाहिला, तेव्हा तो संबंध बहुतेक ठिकाणी विरून गेला. पहिली बातमी वर्तमानपत्रांनी छापली होती. दुसरी छापायची राहिली.

माणसाच्या स्वभावात जनुकांचा वाटा असतो, याबद्दल गीतांजलीची तक्रार नव्हती. पण तो वाटा असंख्य जनुकांत चिमूट चिमूट विखुरलेला असतो, आणि त्यातली एक चिमूट हातात घेऊन कुणाची नेमणूक करता येत नाही. अठ्ठावीसांत शून्य हा आकडा वाचून ती प्रभावित झाली नाही. तिला संशय आला. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. इतका नीटनेटकेपणा यंत्रात असतो, किंवा बिघाडात.

हरकत घेणारी होती उन्नती मढवी. नावडे गावची, केमिकलचा डिप्लोमा झालेली, सहा वर्षे यार्डात फील्ड ऑपरेटर. पॅनेलवर एक जागा रिकामी झाली, कारखान्याने या वेळी पहिल्यांदाच परीक्षा घेतली आणि उन्नती तीत पहिली आली. त्यानंतर स्वभावसूत्राचा अहवाल आला. तिच्या दोन्ही प्रती लांब निघाल्या आणि शेरा पडला: ‘संयमाच्या कामासाठी अयोग्य’. महिनाअखेरीस ती जागा दुसऱ्याला जाणार होती आणि पुढची कधी निघेल हे कुणी सांगू शकत नव्हते, कारण पॅनेलवरचा माणूस निवृत्त होईपर्यंत खुर्ची सोडत नाही.

तिने हरकत सरळ भाषेत लिहिली होती. माझे वडील हिरामण मढवी याच कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर आहेत, त्यांच्या अहवालात शांत आणि स्थिर असे लिहिले आहे, शांतपणा जर रक्तातून येत असेल तर मी त्यांचीच मुलगी आहे. पुरावा म्हणून तिने वडिलांचा अहवालही मागून घेऊन जोडला होता. हिरामण मढवी: दोन्ही प्रती छोट्या.

गीतांजलीने पेन खाली ठेवले. बापाच्या दोन्ही प्रती छोट्या, लेकीच्या दोन्ही लांब. लेकीला एक प्रत बापाकडून मिळायलाच हवी, आणि बापाकडे लांब प्रत नाही. उन्नतीने आपल्या बाजूचा म्हणून जो पुरावा जोडला होता, तो दोहोंपैकी एक गोष्ट सिद्ध करत होता: चाचणी चुकली आहे, किंवा हिरामण तिचा बाप नाही. मुलीला हे कळलेले नव्हते. सुनावणीत हा मुद्दा काढायचा नाही, दुसऱ्या वाटेने जायचे, असे गीतांजलीने ठरवले.

सुनावणी कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर झाली. खोली बर्फासारखी गार होती. खानविलकर टेबलाच्या टोकाशी बसले, निशांत त्यांच्या उजव्या हाताला. उन्नती यार्डातून तशीच आली होती, पायात सेफ्टी शूज, हेल्मेट काखेत. तिला खुर्ची मिळाली ती दाराशेजारची.

निशांतने पडद्यावर दोन रंगीत खांब दाखवले. यार्डाच्या माणसांना प्रश्नावलीत नावीन्याच्या ओढीचे गुण जास्त, पॅनेलच्या माणसांना कमी. यार्डात लांब प्रत, पॅनेलवर छोटी. जनुकाने स्वभाव ठरवला आणि स्वभावाने जागा. सांगताना त्याचा आवाज मऊ होता. ही कंपनी लवकरच आणखी तीन कारखान्यांत जाणार होती, हे त्याने ओघात सांगितले आणि ते ओघात आल्यासारखे वाटले नाही.

गीतांजलीने विचारले, पॅनेलवरचे सगळे आधी कुठे होते. यार्डातच, असे खानविलकर म्हणाले. सगळे सेवाज्येष्ठतेने वर आले.

“म्हणजे निवड जनुकाने झाली नाही, वर्षं मोजून झाली,” ती म्हणाली. “मग त्या वेळच्या यार्डातले लांब प्रतवाले गेले कुठे?”

“नोकरी सोडून गेले असतील,” निशांत म्हणाला. “असे लोक टिकत नाहीत मॅडम. ट्रेंडच तसा आहे.”

“अठ्ठावीसात शून्य, याला ट्रेंड म्हणत नाहीत. आणि कंट्रोल रूमच्या बत्तीस नमुन्यांतले चार तुम्ही अपुरे म्हणून गाळलेत. यार्डाचा एकही नमुना फुकट गेला नाही. का?”

निशांतने खांदे उडवले. लाळ म्हटली की असे होते, असे काहीसे तो बोलला. गीतांजलीने पुढचे पान उलटले. उन्नतीचे प्रश्नावलीतले गुण यार्डाच्या सरासरीपेक्षा कितीतरी कमी होते, म्हणजे कागदावर ती तिथल्या सर्वांत स्थिर माणसांपैकी होती. हे कसे, असे तिने विचारले.

“दबलेली प्रवृत्ती,” निशांत म्हणाला. “जनुक आहे, पण बाहेर आलेलं नाही. कधी उफाळेल सांगता येत नाही. खरा धोका तोच.”

“गुण जास्त आले तर जनुकामुळे, कमी आले तरी जनुकामुळेच. मग प्रश्नावली भरून घेण्याचे कष्ट कशाला घेतलेत?”

खानविलकरांनी टेबलावर बोटे वाजवली. “मॅडम, आपण इथे पीएचडीचा व्हायवा घ्यायला बसलेलो नाही. उद्या पॅनेलवर काही झालं, तर जबाब मी देणार, तुम्ही नाही. गावातली पोरं गरम डोक्याची असतात, हे तळोज्यात शेंबडं पोरही सांगेल. रिपोर्ट तेच सभ्य भाषेत सांगतो, एवढंच.”

दाराजवळून उन्नती बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझे पप्पा पण गावातलेच आहेत, सर. पॅनेलवर केस पिकले त्यांचे. त्यांच्या रिपोर्टमध्ये शांत लिहिलंय. मी त्यांचीच मुलगी आहे, मग माझं डोकं कुठून गरम झालं?”

निशांत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने गीतांजलीकडे पाहिले. सगळ्या सुनावणीत पहिल्यांदाच तो मनापासून खूश दिसत होता.

“मी हे काढणार नव्हतो,” तो म्हणाला. “मॅडमनी पण वाचलंय. मॅडम बोलल्या नाहीत, म्हणून मीही गप्प होतो. वडिलांच्या दोन्ही प्रती छोट्या. हिच्या दोन्ही लांब. एक तरी वडिलांकडून यावी लागते.”

“राजोपाध्ये, तिथेच थांबा,” गीतांजली म्हणाली.

“का? तुम्हाला पुरावा आवडतो ना? माझी टेस्ट चुकत नाही. मग ते वडील नसतील.”

खानविलकर हसले. मोठ्याने नाही, पण हसले, आणि मग हसू लपवायला त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

उन्नतीला समजायला एक क्षण लागला. समजले तेव्हा ती उठून उभी राहिली. “माझी आई वारलीय,” ती म्हणाली. “एक नोकरी द्यायची नाही, तर तसं सांगा. त्यासाठी तिला या खोलीत कशाला आणता?” तिने हेल्मेट डोक्यावर चढवले, पट्टा हनुवटीखाली नीट अडकवला आणि ती निघून गेली.

गीतांजली तिच्या मागोमाग जिन्यात आली. उन्नती दोन पायऱ्या खाली थांबली, पण तिने मान वळवली नाही.

“तुम्हाला ते आधीच दिसलं होतं ना?”

“हो.”

“आणि बोलला नाहीत.”

“बोलले असते तर जे आत्ता झालं ते माझ्या तोंडून झालं असतं.”

“आता त्याच्या तोंडून झालं. फरक काय पडला?” उन्नती म्हणाली. “तुम्ही मला आधी सांगितलं असतं, तर मी तो कागद मागे घेतला असता. तुम्ही पण त्यांच्यातल्याच. फक्त तुम्ही हसत नाही.”

गीतांजली परत वर गेली आणि तिने खानविलकरांना सांगितले, की नमुने जिथे घेतले ती जागा पाहिल्याशिवाय आपण मत देणार नाही. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणावे, मग तसे म्हटल्याचे मतात लिहिता येईल. खानविलकरांनी तिला दोन दिवसांनी पहाटेच्या पाळीबदलाला यायला सांगितले. ती येणार नाही अशी त्यांची अपेक्षा असावी. ती आली.

आधी तिने यार्डाची चौकशी केली. यार्डातल्या लोकांची लाळ कामावर जाण्यापूर्वी यार्डाच्या फाटकाच्या आतल्या प्रथमोपचाराच्या खोलीत घेतली होती. त्या फाटकावर खिसे तपासले जातात, आत तोंडात काहीही टाकायला बंदी आहे आणि ती पाळली जाते, कारण टाक्यांमधल्या द्रवाशी थट्टा चालत नाही हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असते. पॅनेलच्या लोकांची लाळ मात्र प्रथमोपचाराच्या खोलीत घेता आली नाही. पॅनेल सोडून उठायचे नाही, हा तिथला पहिला नियम. म्हणून स्वभावसूत्राचा माणूस नळ्या घेऊन कंट्रोल रूममध्ये गेला होता आणि खुर्चीत बसल्या जागी त्याने त्या भरून घेतल्या होत्या, पाळी बदलल्यावर लगेच, म्हणजे जाणारा आणि येणारा दोघेही सापडत.

कंट्रोल रूममध्ये पडद्यांचा उजेड होता आणि कुणी बोलत नव्हते. सुनावणीची खबर तिच्या आधी पोचली होती, हे तिला दारातच कळले. हिरामण मढवी रात्रपाळी संपवून उठायच्या बेतात होता. पन्नाशी ओलांडलेला, रुंद हाडाचा, चष्मा दोरीने गळ्यात. कारखान्यासाठी जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, त्यात तो लागला होता. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“माजी थुंकी पायजे ना पुन्ना?” तो म्हणाला. “कशाला पायजे, ते मना म्हाईत हाय.”

गीतांजली म्हणाली, की आज काही नको, फक्त बघायचे आहे. बघा, असे म्हणून त्याने तिच्याकडे पाठ केली.

त्याच्या जागी येणारा चाळिशीतला शिवतेज खुर्चीशेजारी उभा राहिला. हिरामणने त्याला एकेक टाकी मोजून दिली: कुठल्या टाकीची पातळी किती, कुठला पंप कुरकुरतो आहे, कुठली धोक्याची घंटा तात्पुरती बंद ठेवली आहे आणि का. शिवतेजने प्रत्येक गोष्ट त्याच्यामागे म्हणून दाखवली. सगळे सांगून झाले तरी हिरामण उठला नाही. त्याने खण उघडला, आतून स्टीलची डबी आणि अडकित्ता काढला, भाजकी सुपारी कातरली, एक तुकडा शिवतेजच्या तळहातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. शिवतेजने तुकडा गालात धरला. तेव्हा कुठे हिरामण खुर्चीतून उठला आणि शिवतेज बसला.

बाजूच्या दोन्ही पॅनेलवर तेच चालले होते. कटर, कटर असा आवाज सगळ्या खोलीभर होता.

गीतांजलीने शिवतेजला विचारले, की हे रोज होते का. प्रत्येक पाळीला, तो म्हणाला. संगणक येण्याच्या आधीपासून, घड्याळासारखे काटे होते तेव्हापासून ही पद्धत आहे. सुपारी घेतली म्हणजे पॅनेल घेतले. नंतर कुणी म्हणू शकत नाही, की मला सांगितले नव्हते. ज्याला सुपारी सोसत नाही तो वाटाण्याएवढा कण घेतो, पण घेतो. न घेता कुणी बसलेले त्याने पाहिले नव्हते.

ती हिरामणकडे वळली. तो हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवून निघाला होता.

“लाळ घेतली त्या दिवशी तुमच्या तोंडात काही होतं?”

“नाय. त्यानी इचारला ना, काय खाल्लाय काय म्हनून. आमी सगल्यांनी नाय सांगितला.”

“आत्ता तोंडात आहे ते?”

“ही सुपारी हाय,” हिरामण म्हणाला. तिच्या शिक्षणाविषयी त्याला पहिल्यांदाच शंका आलेली दिसली. “सुपारी काय खानं हाय? एकादशीला पन चालते.”

शिवतेज पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “मॅडम, काका खोटं नाय बोलत. खाल्लं आमी कोनीच नव्हतं.”

ते खरोखरच खोटे बोलले नव्हते, आणि ज्याने विचारले तोही याच मुलखातला असल्याने त्याला त्यात काही वावगे दिसले नव्हते. त्याने नळी पुढे केली होती आणि त्यांनी गालातली सुपारी जिभेने बाजूला सारून थुंकी दिली होती. गीतांजलीला आता काय झाले असावे याचा अंदाज आला. पण अंदाज निशांतकडेही होता, शिवाय त्याच्याकडे निळे चित्रही होते. तिने पडताळा मांडला.

पॅनेलवरच्या प्रत्येकाने दोनदा लाळ द्यायची. एकदा नेहमीसारखी, सुपारी घेतल्यावर. एकदा पाळीला येताना, कारखान्याच्या फाटकावरच, चूळ भरून आणि तोंड रिकामे ठेवून. सगळ्या नळ्यांवर नावाऐवजी आकडे. कुठला आकडा कुणाचा हे फक्त तिला ठाऊक. प्रत्येक नळीचा अर्धा भाग महाप्याला जाईल, अर्धा तिच्या प्रयोगशाळेत. निशांतने दोन दिवस फोन उचलला नाही आणि तिसऱ्या दिवशी, नकार दिल्यास तसे लिहिले जाईल हे समजल्यावर, विज्ञानाला आपला नेहमीच पाठिंबा असल्याचे कळवले. खानविलकरांनी महिनाअखेरची मुदत वाढवायला नकार दिला. निकाल त्याच्या आत आला तर बघू, असे ते म्हणाले.

हिरामणची समजूत काढायला गीतांजली स्वतः गेली नाही. तिला वाटले, आपण गेलो तर तो नाहीच म्हणेल. पण नळ्या भरायच्या दिवशी तो रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा होता.

“ती माजी पोर हाय,” तो तिला म्हणाला. “ते मना तुमच्या मशीननं सांगाया नको, आनि नाय सांगितला तरी ती माजीच. पन तिचा पॅनेल अडलाय या थुंकीपायी. म्हनून देतो. दुसरं काय समजू नका.” त्याने नळी भरली, झाकण घट्ट केले आणि तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली.

निकाल मुदतीच्या आत आले. शेवटच्या बैठकीला तीच खोली होती, तीच गार हवा. या वेळी हिरामणही आला, त्याने उन्नतीची खुर्ची दारापासून ओढून टेबलाजवळ आणली आणि तो तिच्या शेजारी बसला.

गीतांजलीने आकड्यांचा उलगडा केला. सुपारीनंतरच्या नळ्यांत, महाप्याला आणि तिच्याकडेही, लांब प्रत पुन्हा एकाचीही दिसली नाही. त्याच माणसांच्या रिकाम्या तोंडाच्या नळ्यांत ती नऊ जणांची दिसली, दोन्ही प्रयोगशाळांत त्याच नऊ जणांची. पहिल्या वेळी अपुरे म्हणून गाळलेले चारही नमुने आता स्वच्छ वाचता आले.

“हिरामण मढवी,” ती म्हणाली, “एक प्रत छोटी, एक लांब.”

उन्नतीने टेबलावरचे स्वतःचे हात पाहिले.

निशांत लगेच बोलू लागला. नमुना घेण्यातली ही किरकोळ चूक होती, मूळ सिद्धान्ताला धक्का नव्हता. पुढच्या तपासणीत चूळ भरण्याची सूचना छापता येईल. गीतांजलीने त्याला बोलणे संपवू दिले.

“यार्डाचे नमुने पहिल्यापासून स्वच्छ होते,” ती म्हणाली. “त्यात एकाच वयाची माणसं घेऊन लांब प्रतवाले आणि छोट्या प्रतवाले यांचे गुण मी शेजारी शेजारी ठेवले. फरक नाही. आता पॅनेलवालेही तसेच ठेवले. तिथेही नाही. तुमचा सिद्धान्त ज्या दोन खांबांवर उभा होता, ते दोन खांब म्हणजे लाळ घेतली त्या दोन खोल्या आहेत.”

“सॅम्पल लहान आहे,” निशांत म्हणाला.

“एका मुलीला नोकरी नाकारायला पुरेसं मोठं होतं.”

खानविलकरांनी घसा साफ केला. रिपोर्ट चुकला म्हणून माणूस लायक ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

“लायकी परीक्षेने ठरली होती,” गीतांजली म्हणाली. “परीक्षा तुमची होती. पहिली कोण आली, हे मला तुमच्याच कागदावरून कळलं.”

खानविलकरांनी नेमणुकीचा आदेश काढायला सांगितले, पण ते उन्नतीकडे पाहून नव्हे, दारात उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहून. बाई असल्याने रात्रपाळीचे काय, असा एक शेवटचा प्रश्न त्यांनी काढून पाहिला. उन्नती म्हणाली, की यार्डात सहा वर्षे रात्रपाळी केली तेव्हा हे कुणाला आठवले नव्हते.

“आता तो कागदावरचा निला मेंदू भिंतीवर लावा, सायेब,” हिरामण निशांतला म्हणाला, आणि उठला. झाल्या गोष्टीची माफी खोलीतल्या कुणी मागितली नाही. जाताना उन्नती गीतांजलीपाशी थांबली. आभार मानायचे तिच्या मनात नव्हते, हे उघड होते. तिने एवढेच विचारले, की हे सगळे झाले तरी कशामुळे. सुपारी समजली, पण सुपारीने जनुक कसे बदलेल. गीतांजलीने तिला उभ्या उभ्याच सांगितले, आणि संध्याकाळी मतात तेच लिहिले.

जनुक बदलले नव्हते. सुपारीत तुरट द्रव्ये असतात. ती लाळेत उतरतात, आणि लाळेतून जनुकद्रव्य, म्हणजे डीएनए, स्वस्त पद्धतीने काढले तर त्याला चिकटून राहतात. चाचणीत जनुकाच्या असंख्य नकला काढणारे जे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरतात, ते या द्रव्यांमुळे लुळे पडते. लुळे पडलेले विकर छोटी प्रत कशीबशी पुरी करते, लांब प्रत अर्ध्यावर सोडते. म्हणून ज्यांच्याकडे एक छोटी आणि एक लांब होती त्यांच्या दोन्ही छोट्या दिसल्या, आणि ज्यांच्या लाळेत ही द्रव्ये फारच होती त्यांचे नमुने वायाच गेले. पॅनेलवरचा प्रत्येक जण पाळी घेताना सुपारी घेतो आणि नमुने पाळी घेतल्यावर लगेच घेतले, म्हणून पॅनेलवर लांब प्रत एकाकडेही दिसली नाही. यार्डात तोंडात काही टाकायला बंदी आहे, म्हणून तिथे ती दिसली. पॅनेलच्या माणसांना नावीन्याच्या ओढीचे गुण कमी पडले, कारण पॅनेल आजवर सेवाज्येष्ठतेने मिळत आले आणि ती माणसे वयाने मोठी आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.